शेवटची जागा कोणाची? मतांच्या प्रमाणात जागा वाटायला शिका, ठाण्याचे आकडे घेऊन

ठाणे महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत १३१ जागांचा निकाल असा लागला: शिवसेना ६७, राष्ट्रवादी ३४, भाजप २३, काँग्रेस ३, एमआयएम २ आणि अपक्ष २. महापालिकेच्या खर्चाला मंजुरी देणाऱ्या स्थायी समितीत सदस्य सोळा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३१ अ प्रमाणे ते पक्षांच्या तौलनिक संख्याबळानुसार घ्यायचे, म्हणजे सभागृहात जेवढा वाटा तेवढाच समितीत. ऐकायला सोपे वाटते. पण भागाकार करायला बसलात की शिवसेनेच्या वाट्याला ८.१८ सदस्य येतात, आणि ०.१८ नगरसेवक घोडबंदर रोडपासून कळव्यापर्यंत कुठल्याच प्रभागात मिळत नाही.

नेपाळ, श्रीलंका, जर्मनी, न्यूझीलंड अशा अनेक देशांच्या संसदा याच अपूर्णांकाशी झगडत आल्या आहेत. तिथे नगरसेवकांच्या जागी लाखो मते आणि सोळाच्या जागी अनेकदा शंभरहून जास्त जागा असतात, गणित तेच. ते हाताने करायला शिकायचे असेल तर आकडे लहान आणि ओळखीचे असलेले बरे, म्हणून ठाणे घेतले. समितीत प्रत्यक्ष कोण बसले याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही, ते निवडणुकीनंतर पक्ष आणि अपक्ष एकत्र येऊन गट कसे नोंदवतात त्यावर ठरते. आपण फक्त हिशेब करू. एक कोरा कागद आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरेल.

पायरी १: काय वाटायचे आणि कोणात, ते आधी लिहून काढा

तीन आकडे हवेत: एकूण जागा किती, प्रत्येक पक्षाची मते (इथे नगरसेवक) किती, आणि त्यातली हिशेबात धरायची किती. तिसऱ्याकडे नवशिके हमखास दुर्लक्ष करतात. संसदेच्या निवडणुकीत अवैध मते आधीच बाजूला काढतात. शिवाय बऱ्याच देशांत किमान मतांची अट असते. त्या अटीखाली राहिलेल्या पक्षांची मते वाटपाआधीच गळतात आणि उरलेल्यांचीच बेरीज शंभर टक्के धरली जाते. एखाद्या देशाचा निकाल पडताळताना तुमचे उत्तर अधिकृत आकड्याशी जुळत नसेल, तर आधी इथे शोधा.

ठाण्याच्या उदाहरणात अशी अट धरायची नाही. १३१ नगरसेवक, १६ जागा.

पायरी २: कोटा काढा आणि शेष मोजा

१३१ ला १६ ने भागा: ८.१८७५. एका जागेची ही ‘किंमत’, म्हणजे कोटा. थॉमस हेअर या इंग्रज सुधारकाच्या नावावरून याला हेअर कोटा म्हणतात. आता प्रत्येक पक्षाचे संख्याबळ कोट्याने भागा.

शिवसेना ८.१८, राष्ट्रवादी ४.१५, भाजप २.८१, काँग्रेस ०.३७, एमआयएम ०.२४. दोन अपक्षांनी गट केला असे धरले तर त्यांचेही ०.२४.

पूर्णांक आधी वाटून टाका: आठ, चार, दोन. चौदा झाले, दोन उरले. आता ज्यांचा उरलेला अपूर्णांक, म्हणजे शेष, मोठा त्यांना एकेक. भाजपचा ०.८१ सर्वांत मोठा, त्यांना तिसरी जागा. मग काँग्रेसचा ०.३७, त्यांना पहिली. निकाल ८-४-३-१.

ही सर्वाधिक शेषाची पद्धत. समजायला सर्वांत सोपी आणि महापालिकांत रूढ. श्रीलंकेत जिल्ह्याजिल्ह्यातल्या जागा वाटताना हीच तऱ्हा वापरतात, फक्त तिथे जिल्ह्यात पहिला आलेल्या पक्षाला एक जागा आधीच बक्षीस मिळते आणि मग उरलेल्या वाटल्या जातात.

एवढ्यावर थांबू नका. निकाल लागला की ‘एका जागेमागे किती’ हे तपासायची सवय लावून घ्या. शिवसेनेचे ६७ भागिले ८, म्हणजे एका समिती सदस्यामागे ८.४ नगरसेवक. राष्ट्रवादीचे ८.५, भाजपचे ७.७. आणि काँग्रेसचे? तीन. म्हणजे शेवटची जागा तिघांच्या बळावर गेली. शिवसेनेला नववी दिली असती तरी त्यांच्या एका जागेमागे ७.४ नगरसेवक राहिले असते. दुसरी बाजूही आहे. काँग्रेस, एमआयएम आणि अपक्ष मिळून सात जण होतात, म्हणजे कोट्याप्रमाणे ०.८५ जागा. या सगळ्या लहानांना मिळून एकही जागा नाही, हेही पटत नाही. यातली कुठली बाजू तुम्हाला न्याय्य वाटते यावर तुम्ही कुठल्या पद्धतीचे हे ठरते. आणि इथे सोळापैकी आठ म्हणजे बरोबरी, नऊ म्हणजे बहुमत. अपूर्णांकाचा वाद वाटतो तेवढा क्षुल्लक नसतो.

थोडे थांबून: गट केला तर?

शेषाच्या पद्धतीची दुखरी नस ही. एमआयएमचे दोन आणि अपक्ष दोन यांनी एकच गट नोंदवला असे समजा. चार भागिले ८.१८७५ म्हणजे ०.४९. काँग्रेसच्या ०.३७ पेक्षा जास्त, जागा त्यांच्याकडे. उलट काँग्रेसचे तिघे शिवसेनेच्या गटात गेले असे धरा: ७० चे ८.५५ होतात, भाजपच्या ०.८१ नंतर ०.५५ हाच मोठा शेष, म्हणजे त्या गटाला नऊ. मतदारांनी एकही मत बदललेले नाही, तरी समितीचे बहुमत इकडून तिकडे गेले. निवडणूक संपली की गटनोंदणीसाठी बेलापूरच्या कोकण भवनात विभागीय आयुक्तांच्या कार्यालयाकडे जी धावपळ होते, तिच्यामागे बऱ्याचदा हे दोन-तीन दशांश असतात. बातमीत ‘गट स्थापन’ वाचले की कॅल्क्युलेटर काढायचा.

पायरी ३: भाजकांचा तक्ता मांडा

वाटपाच्या पद्धतींच्या दुसऱ्या घराण्यात शेष नाहीच. प्रत्येक पक्षाचा आकडा क्रमाने १, २, ३, ४… ने भागत जायचे आणि सगळ्या उत्तरांतून सर्वांत मोठी सोळा निवडायची. ज्या पक्षाच्या स्तंभातली जितकी उत्तरे निवडली गेली तितक्या त्याच्या जागा. बेल्जियमचे कायदेपंडित व्हिक्टर डी’हॉन्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही मांडली आणि १८९९ मध्ये त्यांच्याच देशाने ती संसदेसाठी स्वीकारली.

| भाजक | शिवसेना | राष्ट्रवादी | भाजप | काँग्रेस |
|---|---|---|---|---|
| १ | ६७ | ३४ | २३ | ३ |
| २ | ३३.५ | १७ | ११.५ | १.५ |
| ३ | २२.३३ | ११.३३ | ७.६७ | १ |
| ४ | १६.७५ | ८.५ | ५.७५ | |
| ५ | १३.४ | ६.८ | ४.६ | |
| ६ | ११.१७ | ५.६७ | | |
| ७ | ९.५७ | | | |
| ८ | ८.३८ | | | |
| ९ | ७.४४ | | | |
| १० | ६.७ | | | |

मोठ्यापासून खाली खुणा करत या: ६७, ३४, ३३.५, २३, २२.३३, १७… सोळावी खूण ७.४४ वर पडते. शिवसेना ९, राष्ट्रवादी ४, भाजप ३, काँग्रेस शून्य. भागाकाराचा अर्थ लक्षात ठेवा: ७.४४ म्हणजे नववी जागा दिल्यावर शिवसेनेच्या प्रत्येक जागेमागे उरणारे संख्याबळ. मघाशी आपण जी तपासणी शेवटी केली, ती ही पद्धत प्रत्येक जागेला करते. बाकी लहान सातही जण एकत्र आले असते तरी त्यांचा पहिला आकडा सात, म्हणजे ७.४४ च्या खालीच. डी’हॉन्ट मोठ्यांकडे झुकते असे म्हणतात ते उगाच नाही.

पायरी ४: भाजक बदला

आता १, २, ३ ऐवजी १, ३, ५, ७… ने भागा. ही फ्रेंच गणितज्ञ आंद्रे सेंट-लाग्यू यांची १९१० ची पद्धत. यात दुसऱ्या-तिसऱ्या जागेसाठी मोठ्या पक्षाचा आकडा झपाट्याने खाली येतो, त्यामुळे लहानांना शिरकाव सोपा. सर्वसाधारणपणे ती ना मोठ्यांची बाजू घेते ना लहानांची, आणि माझी पसंतीही हिलाच.

ठाण्यावर लावून पाहा. शिवसेनेचा नववा भाजक १७, ६७ भागिले १७ म्हणजे ३.९४. सोळावी खूण तिथेच पडते. काँग्रेसचे ३ त्याखाली, म्हणून निकाल पुन्हा ९-४-३. लहानांची कैवारी म्हणवणारी पद्धतही इथे काँग्रेसला जागा देत नाही. पण एमआयएम आणि अपक्षांचा चारजणांचा गट असता तर? ४ हा ३.९४ पेक्षा मोठा! गटाला जागा, शिवसेना आठवर. फरक फक्त ०.०६ चा. म्हणून पद्धतीचे नाव ऐकून ‘लहानांना फायदा’ असे परस्पर बोलू नये, तक्ता मांडावा.

आज जर्मनी, न्यूझीलंड आणि आपला शेजारी नेपाळ ही सेंट-लाग्यूची गिऱ्हाइके. नेपाळच्या प्रतिनिधी सभेत २७५ जागा आहेत. त्यातल्या १६५ आपल्यासारख्या एका मतदारसंघात एक अशा भरतात आणि ११० देशभरच्या पक्षवार मतांवर, किमान ३ टक्क्यांची अट लावून. जर्मनीचा इतिहास मजेशीर आहे. आधी डी’हॉन्ट, १९८७ पासून सर्वाधिक शेष, २००९ पासून सेंट-लाग्यू. स्वीडन आणि नॉर्वेने पहिला भाजक १ ऐवजी १.४ करून टाकला, म्हणजे अगदी चिमुकल्या पक्षांना पहिल्याच जागेला दार जड व्हावे. स्वीडनने २०१८ मध्ये तो १.२ वर आणला.

शेषाचा विक्षिप्तपणा

सोपी म्हणून शेषाची पद्धत सगळीकडे का नाही, याचे उत्तर अमेरिकेत आहे. तिथे प्रश्न पक्षांचा नव्हता, लोकसंख्येच्या प्रमाणात राज्यांना जागा देण्याचा होता. गणित मात्र हेच. १७९२ मध्ये अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्या शेषाच्या पद्धतीचे विधेयक अध्यक्ष वॉशिंग्टन यांनी परत पाठवले, अमेरिकी अध्यक्षांचा तो पहिला नकाराधिकार. त्याऐवजी आली जेफरसन यांची पद्धत, जी गणिताने डी’हॉन्टच आहे, सुमारे नव्वद वर्षे आधीची. पुढे हॅमिल्टन पद्धत परत वापरात आली आणि १८८० च्या जनगणनेनंतर एक विचित्र गोष्ट दिसली: सभागृह २९९ जागांचे केले तर अलाबामाला ८ जागा, आणि ३०० चे केले तर ७. एकूण जागा वाढल्या आणि वाटा घटला.

भाजकांच्या पद्धतींत असे कधी होत नाही. पण त्यांनाही किंमत मोजावी लागते, कधीकधी एखाद्याला कोट्याने भागून येणाऱ्या आकड्याच्या वरच्या पूर्णांकापेक्षाही जास्त जागा मिळून जातात. बालिन्स्की आणि यंग या दोघांनी १९८२ मध्ये दाखवून दिले की कोट्याची मर्यादाही पाळेल आणि असे सगळेच उलटसुलट प्रकारही टाळेल, अशी पद्धत असूच शकत नाही. भाकरी मोडून वाटता येते, खुर्ची येत नाही.

पायरी ५: सूत्राआधी मतदारसंघ किती मोठा ते बघा

नवशिके इथे फसतात. डी’हॉन्ट की सेंट-लाग्यू यावर तासभर भांडतात आणि एका मतदारसंघात किती जागा आहेत ते विचारतच नाहीत.

ठाणे लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रे येतात: मीरा-भाईंदर, ओवळा-माजिवडा, कोपरी-पाचपाखाडी, ठाणे, ऐरोली आणि बेलापूर. कल्पना करा की या सहा जागांसाठी एकच मतदारसंघ आहे आणि चार पक्षांना ४०, ३०, १८ आणि १२ टक्के मते मिळाली (हे आकडे निव्वळ सरावासाठी). डी’हॉन्टने ३-२-१-०. सेंट-लाग्यूने २-२-१-१, शेषानेही तेच. म्हणजे पद्धत बदलली की चौथा पक्ष आत-बाहेर होतो. आता हीच टक्केवारी साठ जागांच्या मतदारसंघात लावा. तिन्ही पद्धती एकच उत्तर देतात: २४, १८, ११, ७. मतदारसंघ मोठा असला की सूत्रांमधले भांडण जवळपास मिटते.

एक कामाचा ठोकताळा: डी’हॉन्टमध्ये जागांत एक मिळवा आणि १०० ला त्याने भागा. त्याहून जास्त टक्के मते असतील तर एक जागा नक्की. सहा जागांना ती रेषा १४.३ टक्क्यांवर, साठला १.६ वर. म्हणजे कायद्यात किमान अट नसली तरी लहान मतदारसंघात ती आपोआप असते.

कायद्यातली अट काय करू शकते ते तुर्कस्तानात २००२ मध्ये दिसले. दहा टक्क्यांची अट होती, बहुतेक पक्ष तिच्याखाली राहिले, सुमारे ४५ टक्के मते वाटपात आलीच नाहीत आणि ३४ टक्के मतांच्या पक्षाला ५५० पैकी ३६३ जागा मिळाल्या. सूत्र तिथेही प्रमाणशीरच होते! (२०२२ मध्ये ती अट ७ टक्क्यांवर आणली.) जर्मनीत २०२५ मध्ये एका नव्या पक्षाला ४.९८ टक्के मते पडली. पाच टक्क्यांच्या अटीला दहा हजारांहून कमी मते कमी पडली आणि एकही जागा नाही. त्यामुळे कुठल्याही देशाच्या निवडणुकीबद्दल वाचताना हा क्रम ठेवा: आधी किमान अट, मग मतदारसंघाचा आकार, सर्वांत शेवटी भाजक.

आपल्याकडे काय?

लोकसभेला यातले काही लागू नाही, ज्याला सर्वाधिक मते तो निवडून. २०१४ मध्ये बहुजन समाज पक्षाला देशभरात चार टक्क्यांहून थोडी जास्त मते मिळाली आणि जागा शून्य.

पण राज्यसभा, विधान परिषदेच्या आमदारांनी निवडायच्या जागा आणि राष्ट्रपतिपद यांना राज्यघटनेने एकल संक्रमणीय मतपद्धत दिली आहे. तिच्यात पक्षांच्या याद्या नसतात, मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो. जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेच्या ११ जागांसाठी २७४ आमदार मतदार होते. सगळी मते वैध धरली तर हिशेब असा: प्रत्येक मताची किंमत १००, एकूण २७,४००. त्याला जागांपेक्षा एकाने जास्त, म्हणजे १२ ने भागा, अपूर्णांक सोडा, एक मिळवा: २,२८४. निवडून यायला एवढी किंमत लागते, तोच इथला कोटा. म्हणून बातम्यांत ‘२३ मतांचा कोटा’ येत होता. ज्याला कोट्याहून जास्त मते, त्याची जादा मते पुढच्या पसंतीला जातात, जो तळाला तो बाद होऊन त्याची मते वाटली जातात. मते फुटली, अमुक उमेदवार दुसऱ्या पसंतीवर तरला, या सगळ्या रात्री उशिराच्या बातम्यांचे मूळ या गणितात आहे. त्याची पूर्ण मोजणी स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

एक्सेलमध्ये करायचे असेल तर

पहिल्या ओळीत पक्ष, पहिल्या स्तंभात भाजक, मध्ये भागाकार. जेवढ्या एकूण जागा तेवढ्या ओळी घेतल्या की काही सुटण्याची भीती नाही. मग ‘लार्ज’ या फंक्शनने सोळावा मोठा आकडा काढा आणि ‘काउंटइफ’ने प्रत्येक स्तंभात तेवढे किंवा त्याहून मोठे आकडे किती ते मोजा. बेरीज सोळापेक्षा जास्त आली तर शेवटच्या जागेवर बरोबरी आहे, तिथे त्या-त्या कायद्याचा नियम बघायचा, बऱ्याच ठिकाणी चिठ्ठी टाकतात. एक-दोन दशांशांवर तोडू नका, एक्सेलला पूर्ण आकडा ठेवू द्या. का, ते खालचा सराव केलात की कळेल.

सरावासाठी नवी मुंबई

नवी मुंबई महापालिका, २०१५: राष्ट्रवादी ५२, शिवसेना ३८, काँग्रेस १०, भाजप ६, अपक्ष ५, एकूण १११. पाचही अपक्ष एका गटात धरा आणि १६ जागा तिन्ही पद्धतींनी वाटा.

उत्तरे आधी झाकून ठेवा. शेषाने ८-५-१-१-१: शेवटच्या जागेला राष्ट्रवादीचा शेष ०.४९५ आणि शिवसेनेचा ०.४७७. डी’हॉन्टने ८-६-१-१ आणि अपक्षांना काही नाही. सेंट-लाग्यूने पुन्हा ८-५-१-१-१, पण सोळाव्या जागेला राष्ट्रवादीचे ५२ भागिले १५ म्हणजे ३.४६७ आणि शिवसेनेचे ३८ भागिले ११ म्हणजे ३.४५५. दोन दशांशांवर तोडले असते तर ३.४७ आणि ३.४५ दिसले असते, एका दशांशावर ३.५ आणि ३.५. आता अपक्षांचा गट मोडून त्या पाच जणांना वेगवेगळे धरा आणि शेषाची पद्धत पुन्हा लावा. अपक्षांची जागा शिवसेनेकडे जाऊन ८-६-१-१ आले, तर तुमची आकडेमोड बरोबर आहे.